बोटभर बागोओंग

लुसेना,
१० मे

आदरणीय आते रेमेद्योस यांना,

नमस्कार. इकडे सगळे बरे आहेत. ह्यांना, तुमच्या धाकट्या भावाला, खोकला होता, तो गेला. मारिताला सुट्टी लागली आहे आणि ती दिवसभर माझं डोकं खाते. तुम्ही पाठवलेले आंबे गोड निघाले.

पत्राच्या शेवटी तुम्ही विचारलंय, गावच्या जत्रेला, फिएस्ताला, माझ्या दोमेंगला कधी घेऊन येताय. तुमच्या हिमतीची कमाल वाटली.

तुमचं शास्त्र मला तोंडपाठ आहे. "मारिताला तरी दूध कुठे सोसत होतं? मी घोट घोट पाजून सवय लावलीच ना? याचंही तसंच. तुम्ही आजकालच्या आया नुसत्या बाऊ करता." गल्लीभर ऐकवून झालंय तुमचं. तर आते, मारिताला दूध पचत नाही. जास्त झालं तर पोट फुगतं, जुलाब होतात, संध्याकाळी पुन्हा उड्या मारते. थोडं तिला चालतं. दोमेंगचा प्रश्न पोटाचा नाहीच. कोळंबी, जवळा, जवळा आंबवून केलेला बागोओंग, काहीही अंगात गेलं की त्याचं शरीर शत्रू आल्यासारखं उठतं. तिथे थोडं आणि फार असं काही नसतं, आणि सवय तर नाहीच नाही. डॉक्टरांनी हे तुमच्यासमोर सांगितलं होतं. तुम्ही तेव्हा पंख्याने वारा घेत होतात.

त्या रविवारी मी बाजारातून तुमच्याकडे परतले, तेव्हा त्याचे ओठ सुजले होते, अंगभर गांध्या होत्या, छातीतून शिट्टी वाजत होती. आणि तुम्ही शेजारच्या मास्तरीणबाईंना हाताला धरून आणलं होतंत. "सकाळी याला गोंडस म्हणालात ना, तुमचाच उसोग लागलाय पोराला. बोटाला थुंकी घ्या आणि लावा त्याच्या पोटाला." ती बिचारी रडवेली होऊन थुंकी लावत होती. मला म्हणालात, "घाबरतेस काय, नजर आहे, आत्ता उतरेल." मी त्याला उचलून ट्रायसिकलमध्ये घातलं. दवाखान्यात मांडीत इंजेक्शन टोचलं, तेव्हा कुठे त्याचा श्वास मोकळा झाला.

डॉक्टरांनी विचारलं, काय खाल्लं. तुम्ही म्हणालात, "नुसती कैरी, मिठाशी."

हे मी लिहिणार नव्हते. तुमच्या भावाने शपथ घातली होती. पण दोमेंगने मला सगळं सांगितलंय. टीताने, त्याच्या सख्ख्या आत्याने, कैरीला बोटभर बागोओंग लावला आणि म्हणाली, आईला सांगू नकोस, आपण तिला नंतर गंमत दाखवू.

म्हणजे मास्तरीणबाईंना ओढून आणलंत तेव्हा तुम्हाला ठाऊक होतं. अडाणीपणा मी पोटात घातला असता, आते. पण माझं मूल गुदमरत होतं आणि तुम्ही एका परक्या बाईची नजर पुढे करून तिच्याआड लपलात. मला तुमची किळस वाटते.

दोमेंग फिएस्ताला येणार नाही. पुढच्या वर्षीही नाही. तुम्हाला आमचं दार बंद नाही. या, जेवा, पण त्याच्या हातावर काही ठेवू नका. ठेवलंत तरी तो खाणार नाही. हल्ली माझ्या हातचा घास घेतानाही तो आधी विचारतो, "हे टीताने केलंय का?" मी नाही म्हणते, मगच तोंड उघडतो.

जिचा मुलगा वाचला ती,
लुर्देस