द्वारा गोकुळ

२ फेब्रुवारी २००४
आजपासून रोज दहा पानं. पुस्तकाचं नाव: प्रतिभा, जीवन आणि अभिनय. अडीचशे पानं. यात्रेत प्रकाशन. डिंगोऱ्यात दरवर्षी यात्रा भरते, कुस्त्या होतात, तमाशा होतो. पुस्तक कधी निघालेलं नाही.
यात्रा कमिटीचे चिमाजीअण्णा म्हणाले, आपल्या गावची पोरगी रोज आठ वाजता टीव्हीत दिसतीया, तिचा सत्कार करायचाय. तूच तिला पहिल्यांदा नाटकात उभं केलं, तूच लिही काय ते. 'काय ते' आवडलं नाही. पण उभं मीच केलं.
प्रकरण पहिलं: गुरू.

५ फेब्रुवारी
झाली चार पानं. चारही माझ्यावर. साहजिक आहे, आधी पाया.
१९९४. जुन्नरच्या कॉलेजची एकांकिका. लेखक-दिग्दर्शक मी. सगळी पात्रं प्रेक्षकांकडे पाठ करून चाळीस मिनिटं उभी. शेवटी एकटी प्रतिभा सावकाश वळते. बस. गावात कुणी विचारलं होतं, समोर विंचू निघाला व्हता का? अशा लोकांत राहून प्रयोग करायचे.
आजच्या एपिसोडमध्ये ती वळली. धाकट्या जावेच्या दुधात काहीतरी टाकून. ते वळणं माझं. शीलाला दाखवलं. बायको असून म्हणते, अहो, दार तिकडं आहे म्हणून वळली. शीलाला टेक्निक कळत नाही.

११ फेब्रुवारी
प्रकरण दुसरं: पहिली संधी. इथं जरा अडलंय.
स्वतःच्या डायरीत खोटं कशाला. पुण्यातल्या स्पर्धेनंतर पंधरा दिवसांत एका सिरियलवाल्याचं पोस्टकार्ड आलं, प्रतिभाच्या नावानं. ऑडिशनचं बोलावणं. स्पर्धेच्या फॉर्मवर सगळ्यांना मी माझाच पत्ता दिलेला, 'द्वारा गोकुळ'. गेणभाऊ पोस्टमननं ते माझ्या हातात दिलं. तीन ओळी होत्या. वाचल्या. ठेवलं.
पुढच्या महिन्यात आमची मुंबईची फायनल होती. ती गेली असती तर वळणार कोण? फायनल झाली की देणारच होतो. पण त्याआधीच ती मावशीकडे गेली, असं तिच्या आईनं, गोजरबाईंनी सांगितलं. फायनलला मीच वळलो. लोक का हसले माहीत नाही.
वर्षाच्या आत ती टीव्हीत. आधी नर्स, दोन वाक्यं. मग साबणाची जाहिरात, मग सिनेमात हिरॉइनची मैत्रीण, आता ही जाऊ. म्हणजे नुकसान काही झालं नाही. कार्ड ट्रंकेत आहे, पालथं.

१२ फेब्रुवारी, सकाळ
लिहिलं: 'परंतु दुर्दैवाने टपालाच्या गोंधळात तिची पहिली संधी हुकली.' चांगलं वाक्य आहे. लय आहे.

२० फेब्रुवारी
अण्णांना सोळा पानं वाचून दाखवली. पंधरा पानं ते खिडकीतून म्हशीकडे बघत होते. ते एक वाक्य आलं आणि सावरून बसले. म्हणाले, टपाल म्हंजी आपला गेणभाऊच की! मी म्हटलं, मी कुणाचं नाव घेतलेलं नाही. म्हणाले, नाव कशाला लागतंय, गावात दुसरा पोस्टमन व्हता कोण?

२७ फेब्रुवारी
गेणभाऊ रिटायर होऊन सहा वर्षं झाली. तीस वर्षं सायकल मारली, एक पत्र गहाळ नाही, असं तो सांगतो. सांगायचा. आज सोसायटीच्या ओट्यावर एकानं विचारलं, काय गेणभाऊ, पोरीचं कार्ड कंच्या वढ्यात सोडलं राव? दुसरा म्हणाला, वढ्यात कशाला, भज्याची पुडी बांधली आसंल. सगळे हसले. मीही थोडा हसलो, वेगळं दिसायला नको म्हणून.
गेणभाऊ चहा अर्धा ठेवून उठला. जाताना मला म्हणाला, गोकुळशेठ, बुक कुठवर आलं?
उद्या वाक्य बदलणे. नक्की.

२८ फेब्रुवारी
बदललं. 'टपालाच्या गोंधळात'ऐवजी 'नियतीच्या फेऱ्यात'. पण अण्णांनी गावभर सांगून झालंय म्हणे. आता बदलून उपयोग काय? परत पहिलं केलं. लय तिथंच आहे.
आणि गेणभाऊ स्वतः का बोलत नाही? कार्ड माझ्या हातात दिलेलं त्याला आठवत नसणार. वय झालं. शिवाय तो रिटायर आहे, त्याचं काय बिघडणार? माझं मात्र आख्खं करिअर बाकी आहे.

२५ मार्च
पुस्तक आता पुस्तिका. लोक लहान वाचतात.

३० मार्च
पुस्तिका कॅन्सल. कमिटी नारायणगावला तमाशा ठरवून आली, त्यात टायमिंग बसवलं: कुस्त्या संपल्या की अर्धा तास सत्कार, मग स्टेज मोकळं. अण्णा म्हणाले, मानपत्र लिही, एकच पान, फ्रेम करून देऊ. आन ते टपालाचं टाक बरं का, लोकांना लई आवडलंय.
सांगून टाकणार होतो. तोंड उघडलं होतं. त्यांना वाटलं चहा पाहिजे.

३ एप्रिल
शीला गिरणीतून आली. म्हणाली, गेणभाऊंच्या धोंडाबाई रांगेत होत्या. बायकांनी त्यांना ऐकवलं, आमची बी पत्रं शोधा म्हणावं घरात. धोंडाबाई दळण तसंच उचलून निघून गेल्या. मी विचारलं, हे मला का सांगतेस? म्हणाली, काही नाही, तुम्ही लेखक ना, म्हणून.
मानपत्रात ते वाक्य नाही. फायनल.

१० एप्रिल
आहे. पण 'गोंधळ' काढून 'दिरंगाई' केलं. सौम्य वाटतं.

१२ एप्रिल, सकाळ
काल यात्रा. लिहायचं नव्हतं.
प्रतिभा पांढऱ्या गाडीतून आली. पुढच्या सीटवर गोजरबाई. उतरल्या उतरल्या गर्दीतल्या साळुबाईंनी तिचा दंड धरला, का गं भवाने, धाकटीला किती छळशील? प्रतिभानं हात जोडले, म्हणाली, आत्या, पुढच्या महिन्यात सुधारतेय मी.
मी मानपत्र वाचलं. दिरंगाईच्या वाक्याला शिट्ट्या पडल्या. सगळे चिंचेखाली बघायला लागले. तिथं गेणभाऊ उभे होते. धोंडाबाई नव्हत्या.
प्रतिभानं माईक मागितला. टीव्हीतलं बोलणं नाही, आपलं बोलली. म्हणाली, हे वाचलं ते खरं न्हाई. माझं टपाल चुकलं नव्हतं. कार्ड आलं त्याच दिशी गेणभाऊ घरी आले आन म्हणाले, पोरी, तुला पुण्याला बोलावणं हाय, बावीस तारीख, दहा वाजता, दोन फोटो ने. कार्ड माझ्या हातात आलं न्हाई, ते जाऊ द्या. तीन दिवस वाट पाहिली, चौथ्या दिवशी पहाटेच्या एसटीनं गेले. तिथंच घेतलं मला. मावशी-बिवशी कुणी न्हाई मला.
लोक हसले. ती नाही हसली. स्टेजवरून उतरली, स्वतःची शाल गेणभाऊंच्या खांद्यावर टाकली, पाया पडली. मी हातात फ्रेम घेऊन स्टेजवर उभा. ती पाठमोरी. मी वाट बघत होतो, आता वळेल. चाळीस मिनिटं नाही, पण बराच वेळ.
वळली नाही.
अण्णांनी माईकवरच विचारलं, मंग कार्ड राह्यलं कुणाकडं? गेणभाऊ जमिनीकडे बघत होते. अख्खं गाव माझ्याकडे.

१३ एप्रिल
ट्रंक उघडली. कार्ड घेऊन गेणभाऊंकडे गेलो. खिशात दोन पानी खुलासा लिहून नेलेला. खिशातच राहिला. धोंडाबाईंनी बस म्हटलं नाही.
विचारलं, त्या दिवशी ओट्यावर बोलला का नाहीत? म्हणाले, तुझ्या हातात दिलं म्हनलो आसतो, तर लोकांनी इचारलं आसतं, त्यात काय व्हतं ते तुला काय ठावं. दुसऱ्याचं टपाल वाचायचं नसतंय पोस्टमननं. पर कार्ड उघडं आसतंय गड्या, डोळं मिटून सायकल कशी चालवायची?
मग कार्ड हातात घेतलं, पत्त्याची बाजू वर केली. म्हणाले, हे कडंचं वाचलं व्हतं का? मी म्हटलं, पत्त्याची बाजू, तिकडं काय वाचायचं?
पत्त्याच्या डाव्या कडेला, उभ्या बारीक अक्षरात: 'एकांकिका लिहिणाऱ्या मुलासही सोबत आणावे. त्याच्याशी बोलायचे आहे.'
गेणभाऊ म्हणाले, तिला हे बी सांगितलं व्हतं. म्हणून तर थांबली तीन दिस. मी म्हनलं, जा, माग त्याच्याकडं. म्हणाली, नको, तो आणील, मग दोघं जाऊ.

१४ एप्रिल
पानं: नाहीत.
शीलानं विचारलं, त्या कार्डावर एवढं होतं तरी काय?
म्हटलं, पत्ता. माझाच.