उंदरांच्या खोलीत जे झालं ते

बुधवार, १२ तारीख

प्रिय ताई,

नमस्कार. मी बरी आहे, तूही बरी असशील, असं लिहायची पद्धत आहे म्हणून लिहिते. पत्र शेजारच्या शिवणवाल्या बाईंच्या पत्त्यावर टाकतेय, कारण तुझा फोन काल तुझ्या सोन्याच्या खिशातून निघाला. शनिवारी घरून येताना घेऊन आला म्हणे, पत्राचंही तसंच व्हायला नको. आणि अक्षर बघून हसू नकोस, डाव्या हाताने लिहितेय.

पोलीस ठाण्यातून निरोप आला असेल. सोन्याची काळजी करू नकोस. त्याच्या पायाला लागलंय, टाके पडलेत, पण दणकून जेवतोय. तो वरच्या मजल्यावर, मी खाली बायकांच्या वॉर्डात.

माझं काम नेमकं काय, हे तू नेहमी विचारायचीस आणि किळस आली की अर्ध्यात थांबवायचीस. आज पूर्ण ऐक. आम्ही उंदरांच्या पोटात नळीने जंतांची अंडी सोडतो. काही उंदरांचं शरीर महिन्याभरात जंत बाहेर फेकून देतं, काही जन्मभर पोसत बसतात. असं का होतं, ते आमच्या डॉक्टर बाईंना शोधायचंय. शेवटी उंदीर मारायचा, आतडं कात्रीने उभं चिरायचं आणि आतले जंत मोजायचे. माना मोडायचं काम माझं. एका झटक्यात, त्याला कळायच्या आत. त्यात मी तरबेज आहे आणि मला त्याची लाज नाही.

नर उंदीर लहानपणापासून एकत्र वाढले असतील तरच एका पिंजऱ्यात नांदतात. मोठे झालेले अनोळखी नर एकत्र टाकले की मारामारी, आणि तीही जीव जाईपर्यंत. सोन्याला आमच्याकडे कामाला चिकटवला तेव्हा पहिल्याच दिवशी मी हे बजावलं होतं. पण त्या दिवट्याला सोमवारी पिंजरे धुवायचा कंटाळा आला. चार पिंजऱ्यांतले जंत दिलेले नर त्याने एकात कोंबले आणि गेला निघून.

काल सकाळी दार उघडलं तर पिंजऱ्यातला भुसा लालभडक. एकाचं पोट फाटून आतडं बाहेर आलेलं, दुसऱ्याची शेपूट बुडापासून कुरतडलेली. तीन-चार जण एका कोपऱ्यात एकमेकांच्या अंगावर चढून थरथरत होते, त्यांच्या पाठी सोलून निघाल्या होत्या. जो पळतो त्याला मागूनच चावतात. आणि मधोमध एक धटिंगण मिशा साफ करत बसलेला, अंगावर ओरखडासुद्धा नाही. अर्धमेल्यांच्या माना मी मोडल्या. बाईंचं अख्ख्या वर्षाचं काम पाण्यात गेलं.

तेवढ्यात सोन्या आला, बघितलं आणि हसला. “अगं मावशी, उंदीरच ते! एवढा थयथयाट कसला?”

“गाढवा, तुझ्या आळसापायी मेले हे. बाईंना तोंड तू दाखव आता.”

त्याने त्या धटिंगणाला शेपटीला धरून उचललं आणि टेबलावर आपटलं. एकदा नाही, त्याचा लोळागोळा होईपर्यंत. “घे, यालाही मारला. झालं समाधान?”

मी त्याच्या कानाखाली वाजवली.

मग त्याने दाराला कडी घातली, ताई. रागाने धडपडत नाही, सावकाश. हात पुसले. पिंजऱ्याचं लोखंडी झाकण उचललं आणि माझ्या खांद्यावर, डोक्यावर हाणलं. पडले तशा लाथा घातल्या. माझ्या उजव्या मनगटावर बुटाचा पाय देऊन उभा राहिला. हाड मोडल्याचा आवाज माझ्या रोजच्या ओळखीचा, लगेच कळला. आणि वर म्हणतो काय, “आईपण अशीच चुरूचुरू बोलते. पाठीत चार बसल्या की गप्प होते.”

उन्हाळ्यात आले होते तेव्हा तू अंघोळ करून बाहेर आलीस, पाठ काळीनिळी. जिन्यावरून पडले म्हणालीस. जिन्यावरून पडणाऱ्याचे गुडघे फुटतात गं, कोपरं फुटतात.

वर लिहिलं की सोन्याच्या पायाला लागलंय. लागलं नाही, मी भोसकलं. आतडी चिरायची कात्री टेबलाखाली पडली होती, ती डाव्या हाताला लागली आणि मी त्याच्या मांडीत खुपसली. ओढून काढली आणि पुन्हा खुपसली. जीव घ्यायचा असता तर कुठे मारायचं हे मला ठाऊक आहे, तेवढी शुद्ध होती. ज्याला मी कडेवर घेऊन फिरवलं त्याचं रक्त माझ्या तोंडावर उडालं आणि मला हायसं वाटलं. रात्रभर वाट बघितली, पण वाईट काही वाटेना.

आता मुद्द्याचं. सोन्याने पोलिसांना सांगितलंय की उंदीर मेले म्हणून मावशीचं डोकं फिरलं, तिने कात्री चालवली, आणि झटापटीत तिचाच हात मोडला. खोलीत तिसरं कोणी नव्हतं. येत्या सोमवारी पोलीस बाई तुझ्याकडे जबाब घ्यायला येणार आहे. तू ‘माझा मुलगा गुणाचा’ म्हणालीस की मी आत, आणि टाके सुकले की तो तुझ्या घरात. मग मध्ये पडायला मीसुद्धा नसेन. पोटचा गोळा आहे म्हणशील. आहेच. तो तुला एक दिवस ठार मारेल, ताई. माझ्यावर उभा होता तेव्हा त्याचा चेहरा मी खालून बघितलाय.

जास्त काही बोलू नकोस. एवढंच सांग, ‘माझा मुलगा मला मारतो.’ चार शब्द आहेत. पहिल्यांदा घशात अडकतील, म्हणून आत्ताच म्हणून बघ. शिवणवाल्या बाईंना मशीन थांबवायला सांग आणि त्यांच्यासमोर म्हण. त्यांना नवल वाटणार नाही. तुमच्या दोघींमध्ये भिंत एकच आहे.

तुझ्या लेकाला भोसकणारी,
तुझीच धाकटी