कोमक पाठवा, माणसं नकोत

यज्द, आबान महिन्यातला मंगळवार, दुपार

आदरणीय दाईजान,

सलाम. मामा म्हणून आपली सावली आम्हा भाच्यांच्या डोक्यावरून कधी कमी न होवो. आपले गुडघे, मामी झिनत खानमचा रक्तदाब आणि पिंजऱ्यातला बुलबुल (मागच्या पत्रात आपण त्याने गाणं सोडल्याचं लिहिलं होतं) तिघांचीही तब्येत उत्तम असेल अशी आशा करतो. इकडची खुशाली विचाराल, तर आपल्या दुराव्याखेरीज आम्हाला कसलंच दुःख नाही, असं पत्रात लिहायची आपल्यात पद्धत आहे, आणि मीही ती आजवर इमानाने पाळली. पण दाईजान, दुःख आहे. ते कमरेच्या खाली डाव्या बाजूला आहे. त्यामुळे हे पत्र मी फ्रिजवर कागद ठेवून उभ्याने लिहितोय. मध्येच अक्षर तिरकं गेलेलं दिसलं, तर मी खिडकीशी जाऊन गाडी बघून आलो असं समजावं. कमरेमुळे आज रजा, तेव्हा सकाळपासून सात वेळा बघून आलो. ती जागच्या जागी उभी आहे, पण मला काही जागच्या जागी उभं राहवत नाही.

आता मूळ विषय. मागच्या महिन्यात मी आपल्याला तार केली आणि त्यावरून जे रामायण घडलं... (बघून आलो, उभी आहे.) त्यात दोष आपला नाही, माझा नाही आणि तारमास्तरांचा तर मुळीच नाही, त्यांनी फक्त काटकसर केली. माझं मूळ वाक्य होतं, ‘मोटारसायकलच्या मागच्या चाकासाठी कोमक-फनरची एक जोडी पाठवा.’ ते म्हणाले, “आगा नेमत, तार आहे ही, लग्नाची पत्रिका नाही. कोमक म्हटलं की झालं, कुणालाही कळेल.” सगळ्या गॅरेजांत कोमकच म्हणतात, त्यामुळे मलाही पटलं. तेहरानात आपलं घर गोमरोकच्या मोटारसायकल बाजारापासून चालत पाच मिनिटांवर, तेव्हा आपल्याला तर डोळे झाकून कळेल असं मी धरून चाललो. कोमक म्हणजे मदत, हे मलाही शाळेत शिकवलं होतं. पण गॅरेजात कोमक म्हणजे शॉकअप, मागच्या चाकाच्या दोन्ही बाजूंच्या स्प्रिंगा. हे मी आज लिहितोय. तेव्हा लिहिलं असतं तर आज बसून लिहीत असतो.

माझी अडचण अशी. मी पाण्याचे मीटर वाचतो, म्हणजे शनिवार ते गुरुवार गाडीवर एकटा. शुक्रवारी तूबाला मागे बसवून तफ्तला सासुरवाडीला जेवायला. स्प्रिंग एकट्याच्या वजनाला जुळवली, तर शुक्रवारी दोघांच्या वजनाने ती पार तळाला जाते आणि प्रत्येक गतिरोधकावर खालून लाथ बसते. दोघांच्या वजनाला जुळवली, तर आठवडाभर मी एकटा गल्लीबोळातून चेंडूसारखा उडत जातो आणि मीटरचे आकडे नऊचे सहा लिहून येतो. धरलं तर चावतं, सोडलं तर पळतं. तारेच्या आधीच्या शुक्रवारी तर कहर झाला. तफ्तच्या वेशीवरच्या खड्ड्यात गाडी अशी आदळली की तूबाच्या मांडीवरचं शूली सूपचं पातेलं (तिने माझ्या सासऱ्यांसाठी पहाटे उठून रांधलेलं) माझ्या मानेवरून शर्टात उतरलं. ती खाली उतरली, डोक्यापासून पांघरलेली चादर झटकली आणि म्हणाली, “यापुढे मी मिनीबसने येईन. तुम्ही आणि तुमची ही म्हैस मागाहून या.” दाईजान, नवरा एका वाहनाने आणि बायको दुसऱ्या वाहनाने सासुरवाडीच्या दारात उतरले, की तफ्तमध्ये त्याचा एकच अर्थ काढतात. मला तूबा मागे बसलेली हवी होती, बास. एवढ्यासाठी तार केली.

तारेत काय होतं ते आपल्याकडे आहेच, तरी इथे उतरवतो, कारण आता परक्याच्या नजरेने वाचल्यावर मलाही त्यात आपल्याला दिसलं तेच दिसतं: ‘कोमक तातडीने पाठवा. एकटा असतो तेव्हा ठीक. दोघं असलो की आदळआपट. कंबर मोडली. तूबा सोबत यायला तयार नाही. नरम आणि टिकाऊ हवी.’

आपण तातडीने मदत पाठवलीत. नरम आणि टिकाऊ म्हणून आगा शम्सना निवडलंत, आणि निवड चुकली असं मी म्हणणार नाही. त्र्याऐंशी वर्षं टिकलेत, बोलणं लोण्यासारखं आणि अर्ध्या तेहरानचे नवरा-बायको त्यांनी एकत्र आणले असतील. सोबत झिनत खानम. वर आपण माझ्या सासऱ्यांनाही फोन केलात, म्हणजे तर सोन्याहून पिवळं. मी कामावरून आलो तर अंगणात गालिचा अंथरलेला, एका बाजूला हाजी मीर्झा-आगा आणि सासूबाई, दुसऱ्या बाजूला आगा शम्स आणि झिनत खानम, मध्ये समोवार आणि समोवारामागे तूबा, रडून लाल झालेली, कारण आपला संसार मोडलाय ही बातमी तिला त्याच दुपारी कळली होती. मी लंगडत आत शिरलो. (त्या दिवशी मी एकटाच होतो, पण स्प्रिंग दोघांची होती.) झिनत खानमनी माझ्या कमरेकडे पाहिलं, मग तूबाकडे पाहिलं आणि कपाळाला हात लावून म्हणाल्या, “या अल्ला, पोरीच्या हाताला केवढा जोर!”

मी कोमकचा अर्थ समजावला. एकदा, दोनदा, तीनदा. कोणी ऐकलं नाही. आगा शम्स माझा हात हातात घेऊन म्हणाले, “बाळा, लाजू नकोस. सगळेच सुरुवातीला मोटारसायकलचं नाव सांगतात.” मग त्यांनी रिवाजाप्रमाणे तूबाला विचारलं, तुझी काही तक्रार असेल तर मोकळेपणाने सांग. दाईजान, तिची एकच तक्रार होती, ती म्हैस. पण दोन्हीकडची वडीलधारी मंडळी कान देऊन बसली आहेत, चहा ओतलेला आहे, अशा वेळी एकाच तक्रारीवर थांबणं कुणालाही उणेपणाचं वाटेल. तिने अकरा सांगितल्या. घोरण्याची. टेबलावर ठेवलेल्या पान्यांची. मी तिच्या आईच्या हातच्या डाळिंबाच्या पाकाला ‘बरा आहे’ म्हणालो त्याची. नवव्या तक्रारीला सासूबाई रडल्या, दहाव्या तक्रारीला मीसुद्धा, कारण ती खरी होती. (ती मी इथे लिहीत नाही.) संध्याकाळच्या मिनीबसने हाजी मीर्झा-आगा लेकीला घेऊन गेले. जाताना म्हणाले, “जावईबापू, ज्या दिवशी ती तुमच्या मागे बसून न आदळता यज्दला येईल, त्या दिवशी तुमची. तोवर आमची डाळिंबं सोलायला माणूस हवंच आहे.” नसलेलं भांडण मिटवायला आलेली माणसं ते असं घालून गेली. आगा शम्स मात्र जाताना समाधानी दिसले. म्हणाले, “आता निदान विषय मोकळा झाला.”

त्यानंतर मला घरात बसवेना. मी गॅरेजवाल्या उस्ता रमेजानकडे जाऊन बसलो, म्हणजे उभा राहिलो. त्याने स्प्रिंगा उघडल्या, बोटावर तेल घेऊन वास घेतला आणि म्हणाला, या कोमक नाहीत, या आठवणी आहेत. तात्पुरतं तेल बदलतो, खाली ताण कमीजास्त करायच्या खाचा आहेत, एकट्याला पहिली, दोघांना पाचवी, पान्याने फिरवायची, तुझं तूच कर. मग त्याने विचारू नये ते विचारलं. “खानमचं वजन किती?” दाईजान, लग्नाला सहा वर्षं झाली, मला तिच्या सातही मावशांची नावं क्रमाने पाठ आहेत, पण वजन? ते विचारणं म्हणजे बारावी तक्रार. मी अंदाजाने पंचाहत्तर म्हणालो. उस्ताने भुवई वर केली, पण तो सभ्य माणूस आहे. म्हणाला, मग पंचाहत्तर किलोचं पोतं मागे बांध आणि कुठल्या खाचेला गाडी किती दबते, किती आदळते ते बघ.

मी तांदळाचं पोतं भरलं, उस्तासमोर काट्यावर तोललं आणि रोज संध्याकाळी तफ्तच्या रस्त्याला लागलो. कधी चौथी खाच, कधी पाचवी. धुळीने पोतं खराब होऊ नये म्हणून त्यावर तूबाची जुनी चादर गुंडाळली, ती वाऱ्याने उडू नये म्हणून वरून गाठ मारली. एवढंच केलं मी. आणि गल्लीने काय पाहिलं? बायको माहेरी गेल्याला आठवडा झाला नाही तोच नेमत चादर घेतलेली एक बाई मागे बसवून संध्याकाळचा फिरतो. रोट्या भाजणाऱ्या नानवाईची बायको म्हणे, “बाई मोठी खानदानी दिसते, हूं की चूं नाही, मान म्हणून वळवत नाही.” (खड्ड्यावर मी मागे हात नेऊन तिला सावरायचो, तेही त्यांनी मोजलं.) बातमी माझ्याआधी तफ्तला पोचली. मी तर रोज तिला तफ्तच्या वेशीपर्यंत आणून दाखवून परत नेत होतो.

परवा संध्याकाळी तूबा एकटी मिनीबसने आली. दारात म्हणाली, “कुठाय ती?” मी अंगणाकडे बोट दाखवलं. ती गेली, गाठ सोडली, चादर बाजूला केली. पोतं चाचपलं. मग हसायला लागली, आणि दाईजान, मी खरं सांगतो, तीन आठवड्यांत पहिल्यांदा माझी कंबर दुखायची थांबली. मी भाबडेपणाने सांगून टाकलं, हे तूच आहेस, तुझ्यासाठीच सगळा खटाटोप. तेवढ्यात तिचा हात पोत्यावर बांधलेल्या चिठ्ठीला लागला. चिठ्ठीवर उस्ता रमेजानच्या मोठ्या अक्षरात लिहिलेलं होतं: ‘खानम, पंचाहत्तर किलो.’

ती आत गेली. स्वयंपाकघरातून डबा आणला आणि एकेक डबा करत वीस किलो तांदूळ काढून घेतला. मग पोत्याचं तोंड बांधून म्हणाली, “ही मी.” मी मान डोलावली. मान डोलावण्याखेरीज त्या क्षणी जगात दुसरं काही करण्याजोगं नव्हतं.

तेव्हा आजची स्थिती अशी. तूबा घरी आहे, पण आहे म्हणजे आलेली नाही. ती म्हणते, मी फक्त त्या बाईला बघायला आले होते. येत्या शुक्रवारी ती माझ्या मागे बसून तफ्तला येणार, सासरे वेशीवर उभे राहणार. गाडी आदळली नाही तर संध्याकाळी माझ्याबरोबर परत, आदळली तर तिथेच राहणार, नवरोजपर्यंत, म्हणजे चार-पाच महिने. आणि स्प्रिंगची खाच तिने स्वतः समोर उभं राहून पंचावन्न किलोला लावून घेतली आहे. काल बाजाराच्या निमित्ताने मी तिला मागे बसवून बघितलं. दोन्ही गतिरोधकांवर गाडी तळाला गेली. ती म्हणाली, रस्ता खराब आहे. मी म्हणालो, हो, नगरपालिकेचं लक्ष नाही. आता खाच वाढवू तर ती बघते, न वाढवू तर ती जाते. असा अडकित्त्यात सापडलोय. नवव्यांदा खिडकीशी जाऊन आलो.

झिनत खानमना, बुलबुलाला आणि (राग नाही) आगा शम्सना माझा सलाम सांगावा. आपल्या हाताचं चुंबन घेतो.

आपला भाचा,
नेमतुल्ला

ता. क. हे पत्र रात्रीच्या बसच्या ड्रायव्हरबरोबर पाठवतोय, उद्या सकाळी मिळेल. लगोलग गोमरोकला जाऊन जड स्प्रिंगच्या कोमकची एक जोडी घ्या, मागे पंचाहत्तर किलो बसेल अशी. डब्यावर मात्र ठळक अक्षरात ‘पंचावन्न’ असं लिहून घ्या. दुकानदाराने का विचारलं तर सांगा, घरचा मामला आहे. गुरुवारी सकाळी त्याच ड्रायव्हरकडून इथे पोचली पाहिजे.

ता. क. २. फक्त कोमक पाठवा. माणसं नकोत.

ता. क. ३. यातलं वजनाचं कुणाला कळता कामा नये. तूबाची भीती नाही, ती दुसऱ्याचं पत्र कधी वाचत नाही, तिचा तो मोठा गुण आहे.

ता. क. ४. दाईजान, सलाम. मी तूबा. हे पाकिटाला डिंक लावायला माझ्याकडे देऊन गाडी बघायला गेले आहेत. बाबांच्या डाळिंबाच्या काट्यावर माझं वजन सत्तर भरलं, पंचाहत्तर नाही, एवढं आपल्याला माहीत असू द्या. तरी कोमक यांनी लिहिली तशी पंचाहत्तरचीच पाठवा, आणि डब्यावर पंचावन्नच लिहा, त्यांना बिचाऱ्यांना तेवढाच धीर. पाच किलोच्या फरकाने गाडी जराशी उडेल, ती उडू द्या. बाबांना दिसेल एवढं आदळायला नको, पण अगदी पाण्यासारखी चालली तर मी काय करू? आमच्या गल्लीत बायकोने नवऱ्याच्या कमरेला हात घालायचा, तर निमित्ताला निदान एखादा खड्डा तरी लागतो.