पंप चालू करा, मंग पाणी भरा!

प्रिय वैनी,

तुझ्या तेरवीच्या फ्लेक्सवर ‘शांत, सोशिक’ असं छापलं होतं. तू आणि शांत! तेव्हा मी गप्प बसले. पण काल पाणी तपासणारी गाडी आली आणि पहिल्यांदाच तू नव्हतीस. जे झालं ते तुला सांगितल्याशिवाय राहवेना.

नवरा गेल्यावर मी माहेरी परतले, तेव्हा तू मला आधी नाल्यावर नेलं होतंस, आठवतं? पलीकडे कोळशाची खदान, आणि तिच्या खड्ड्यातलं पाणी उपसून नाल्यात सोडणारा जाड पाइप. पाणी काळपट, दगडांवर तांबूस थर.

“म्हशीबी तोंड लावत नाई याले,” तू म्हणालीस. “आन् रिपोर्टात म्हणते पाणी चांगलं हाय!”

चांगलं कसं, तेही तूच हेरलंस. गाडी यायच्या आधी खदानीचा पंप बंद व्हायचा. वरून येणारं स्वच्छ पाणी तेवढं वाहायचं, आणि साहेब त्याच्याच बाटल्या भरून न्यायचे. एकदा तू सरळ जीपसमोर बसलीस. “पंप चालू करा, मंग पाणी भरा!” केवढा तो आवाज! साहेब हसले आणि मागच्या वाटेने निघून गेले. घरी येऊन तू सगळ्यांच्या भाकरी थापल्यास, स्वतः मात्र जेवली नाहीस.

मग हिवाळ्यात वावरातून आलीस, छातीत दुखतं म्हणालीस, आणि हिंगणघाटला पोचायच्या आत गेलीस. एवढी कसली घाई होती गं? मला भांडायला तरी शिकवून जायचंस!

काल नाला पुन्हा नितळ होता. मी समजले. गाडीतून एक तरुण मॅडम उतरल्या, सोबत खदानीचा माणूस आणि आपले सरपंच. बाटल्या भरून झाल्या. पंचनाम्यावर गावातल्या कुणाची तरी सही हवी होती. सरपंचांनी पेन माझ्या हातात दिला.

“मी सही करत नाई,” मी म्हटलं. आवाज चिरका निघाला. “काऊन बंद हाय पंप? हे खदानीचं पाणीच नोय.”

“बिघडला हाय, बाई,” खदानीचा माणूस म्हणाला.

“मंग सुधरवा. आमी बसतो.”

तो जवळ आला. “तुमचा भाचा आमच्याइथंच डंपर चालवते ना?”

वैनी, तुझा विलास! त्याच्या पोटावर मी पाय देत होते. तरी खाली बसलेच. कपडे धुवायला आलेल्या बाया आपापल्या बादल्या ठेवून माझ्या शेजारी बसल्या. मॅडमनी आमच्याकडे पाहिलं, पाइपाच्या कोरड्या तोंडाकडे पाहिलं, आणि भरलेल्या बाटल्या ओतून दिल्या.

“पंप सुरू होईपर्यंत मीही थांबते,” त्या म्हणाल्या.

उन्हं कलल्यावर पाइप खोकला. काळं पाणी धो धो पडलं. त्याच्या बाटल्या भरल्या, झाकणं लागली, मग मी सही केली. तू ऐकायला हवं होतंस बायांचं ओरडणं!

संध्याकाळी विलासला निरोप आला : उद्यापासून येऊ नको. तो न जेवता भिंतीकडे तोंड करून पडून राहिला. तुला माझा राग आला असेल तर येऊ दे. पण खरं सांग, पंप बंद असताना तू तरी सही केली असतीस का?

आज सकाळी चहाचा कप खाली ठेवून त्यानं विचारलं, “आत्या, रिपोर्ट कधी येते?”

“कोणाले माहीत.”

“आपल्याले त्याची कॉपी भेटली पायजे. चाल, समुद्रपूरले तहसीलीत जाऊन अर्ज देऊ. मले काऊन काढलं, तेबी इचारतो.”

रिपोर्टात काय येईल, मला ठाऊक नाही. पण वैनी, वचन देते : यापुढे पंप बंद ठेवून या नाल्यातून कुणालाही बाटली भरू देणार नाही. कितीही वेळा येऊ देत, मी आडवी बसेन.

बाहेर विलास हॉर्न वाजवून राह्यला. निघते.

तुझी भांडकुदळ झालेली नणंद,
कमल