ट्रीनाचा प्रश्न

हॅलिफॅक्स, ३ मार्च

ति. मोरॅगमावशीस,
कर्स्टीचा शि. सा. न. वि. वि.

तुझं पत्र आणि ओटची बिस्किटं दोन्ही पोचली. बिस्किटांचा चुरा झाला होता, तो दह्यात कालवून संपवला. फोनवर मी नुसतं हो-हो करते आणि सगळं विसरते, हा तुझा आरोप खरा आहे, म्हणून लिहायला बसले.

ब्रिनचा पुढचा दात पडला आणि तो तिनं दातपरीसाठी उशीखाली न ठेवता आईला दाखवायला डबीत जपून ठेवला, हे वाचून जरा थांबले. मे महिन्यात कोर्टानं तिला तिच्या आईकडे, ट्रीनाकडे परत दिलं, तर दीड वर्ष तिला सांभाळल्यावर तुझं घर रिकामं होईल. तुला कसं वाटेल ते तू लिहिणार नाहीस, हे मला माहीत आहे.

इथलं काम अर्ध्यावर आलंय. घरातली मारहाण आणि मुलांचे हाल थांबवायचे, तर संशोधन आधी कशावर व्हावं, हे या वेळी एकट्या प्राध्यापकांनी ठरवायचं नाही. ज्यांनी सोसलं त्यांनीही समितीत बसून ठरवायचं. प्रांतभरातून लोकांनी ढीगभर प्रश्न पाठवले. सारखे प्रश्न एकत्र करून, नीट शब्दांत बसवून यादी करायची, हे माझ्याकडे आहे. समितीतले सगळे आता घरी बसून प्रत्येक प्रश्नाला गुण देताहेत. तळाचे गळतील, वरचे एप्रिलच्या बैठकीत येतील. ट्रीनाला समितीत यायला तू तयार केलंस, हे फार मोठं काम केलंस. कोणी किती गुण दिले ते मला दिसत नाही. नावं झाकलेली असतात, आणि तसंच हवं.

मला मात्र सारखं वाटत राहतं, की ज्या मुलीला घरात कधी कोणी साधी चापटही मारली नाही, तिनं या बायकांची वाक्यं सरळ करत बसावं का? हातातलं काम नीट करते, झालं.

घाटातला बर्फ वितळेपर्यंत बाहेर पडू नकोस. माया आहे तशी राहू दे.

तुझी,
कर्स्टी

---

माबू, १६ मार्च

चि. कर्स्टीस,
मोरॅगमावशीचे अनेक आशीर्वाद. आशीर्वाद आधीच देऊन टाकते, कारण पुढे शिव्या आहेत.

रविवारी ट्रीना ब्रिनला भेटायला आली. लेकीनं दात दाखवला, दोघींनी मिळून चिखलाचे बूट घालून आख्खी बाग तुडवली. निघताना ट्रीना मला म्हणाली की तुमच्या भाचीच्या समितीतून आपण बाहेर पडतोय. का, तर आपण पाठवलेला प्रश्न त्यांनी फेकून दिला. यादी दोनदा वाचली, कुठेच नाही.

तिचा प्रश्न मला पाठ आहे, कारण तो तिनं माझ्याच टेबलाशी बसून लिहिला होता: मी मदत मागितली, तर तुम्ही मदत पाठवणार, की माझं मूल न्यायला गाडी पाठवणार?

मागची गोष्ट तुला तुटक माहीत आहे. नवऱ्याला सोडून तिनं वेगळं घर केलं, बालकल्याण खात्यानं नेलेल्या ब्रिनला परत मिळवलं, आणि हिवाळ्यात तिचं मनच खचलं. अंथरुणातून उठवेना. पण पुन्हा खात्याची गाडी येईल या भीतीनं तिनं कोणाला कळू दिलं नाही. शेवटी शेजारणीला ब्रिन थंड पडलेल्या स्वयंपाकघरात कोरडे कॉर्नफ्लेक्स खाताना दिसली. मग गाडी आलीच, आणि ब्रिन माझ्याकडे आली.

मी चष्मा लावून तुझी यादी वाचली. त्यात एके ठिकाणी काय लिहिलंयस? ‘मूल घरी परतलेल्या कुटुंबांच्या साहाय्ययाचनेतील अवरोधक घटक’. मी ट्रीनाला विचारलं, बाई, हे काय आहे? ती म्हणाली, असेल काहीतरी प्राध्यापकांचं, मी शून्य दिलं. अगं कर्स्टी, स्वतःच्याच प्रश्नाला शून्य दिलं गं तिनं! मी शाळेची बस चालवायचे, तेव्हा पाटीवर गावाचं नाव लॅटिनमध्ये लिहिलं असतं, तर एक पोर चढलं नसतं.

मी तिला समजावून सांगितलं, तर म्हणते आता उगाच सारवासारव करू नका. तिनं मनाशी धरलंय की उत्तर सगळ्यांना ठाऊक आहे, गाडीच येते, म्हणून प्रश्न उडवला. ब्रिन घरी आली की मी कोणाला काही सांगणार नाही, माझं मी निभावेन, असं म्हणून गेली. मला भीती आहे ती याचीच. मागच्या वेळीही तिनं निभावलंच होतं.

राग आला असेल तर येऊ दे. तो ओसरला की उत्तर लिही.

तुझी,
मोरॅगमावशी

---

हॅलिफॅक्स, २४ मार्च

ति. मोरॅगमावशीस,
शि. सा. न. वि. वि.

राग आला नाही. पत्र वाचून मूळ कागद काढले. ट्रीनाचा आणि आणखी दोन आयांचा प्रश्न मी एकत्र केला होता, आणि ते वाक्य लिहून झाल्यावर मला स्वतःचं कौतुकही वाटलं होतं.

मग प्रश्न पडला की आता करू काय? ट्रीना आपल्या ओळखीची म्हणून तिचाच तेवढा प्रश्न सुधारला, तर तो पक्षपात. जिच्या बाजूनं ओरडायला अशी मावशी नाही, तिनं काय करावं? शेवटी समितीच्या अध्यक्षबाईंकडे गेले. त्या म्हणाल्या की गुण देऊन झाले, आता मध्येच नियम बदलता येत नाहीत, आणि मुदत तर डोक्यावर आलीय. मी म्हटलं, एकासाठी नको, सगळ्यांसाठी बदलू. प्रत्येक प्रश्नाखाली ज्यांनी तो विचारला त्यांची मूळ वाक्यं छापू आणि सगळ्यांकडून पुन्हा गुण मागवू. त्या बराच वेळ कुरकुरल्या. मग म्हणाल्या, दाखव बघू एखादं वाक्य. मी ट्रीनाचं नाव न सांगता तिचं वाक्य पुढे केलं. वाचून त्यांनी कागद परत दिला आणि म्हणाल्या, पाठव सगळ्यांना.

नवी यादी उद्या निघेल. मी समितीतल्या इतर कोणाला खासगी पत्र लिहीत नाही, म्हणून ट्रीनालाही लिहिणार नाही. तू एवढंच सांग की तिचं शून्य चुकीचं नव्हतं. जे तिनं विचारलंच नव्हतं, त्याला तिनं शून्य दिलं. बैठकीला ती आली तर फार बरं होईल.

ब्रिनला पापा. ओरडत जा अशीच.

कर्स्टी

---

हॅलिफॅक्स, २६ एप्रिल

ति. मोरॅगमावशीस,
शि. सा. न. वि. वि.

ट्रीना आली! तू तिला बसमध्ये बसवून दिलंस, पण ती कोणत्याही क्षणी परतीची बस पकडेल असं वाटत होतं. सकाळभर दाराजवळच्या खुर्चीत अंगात कोट घालून बसली होती. मीही मुद्दाम जवळ गेले नाही.

तिच्या प्रश्नाची पाळी आली तेव्हा अध्यक्षबाईंनी विचारलं, हे वाचायचं कोणी? ट्रीना उठली आणि तिनं वाचलं. मग बालकल्याण खात्यातल्या एक जुन्या बाई म्हणाल्या की इतकी वर्षं नोकरी केली, पण लवकर मदत मागणाऱ्या आईला घरातच मदत मिळते की तिचं मूल जातं, ते आपण सांगू शकत नाही. मोजूनच कोणी पाहिलेलं नाही. ट्रीनानं त्यांना उलट विचारलं, म्हणजे तुम्हाला खरंच माहीत नाही? माहीत असून सांगत नाही, असं नाही ना? त्या म्हणाल्या, नाही हो, खरंच नाही.

जेवणाच्या सुट्टीत पाहते तर कोट खुर्चीच्या पाठीवर, आणि आमच्या ट्रीनाबाई माशाच्या सुपाचा दुसरा वाडगा संपवताहेत. एका प्राध्यापकांना त्यांचा लाडका प्रश्न गळाल्याचं दुःख झालं होतं, त्यांची समजूतही तिनंच काढली. म्हणाली, माझाही गळाला होता, मीच गाळला होता.

अखेर निवडलेल्या दहांत तिचा प्रश्न चौथा आलाय, तिच्याच शब्दांत. मला आनंद झालाय, आणि रात्रभर तो खरा आहे का हेही तपासतेय. पैसे मिळून संशोधन होऊन उत्तर यायला वर्षं जातील. ब्रिन तर मे महिन्यात घरी जाईल. ट्रीनाच्या हाती आम्ही काय दिलं?

कोर्टाचा निकाल लागला की लगेच कळव. लोभ तर आहेच, धीरही थोडा पाठव.

कर्स्टी

---

माबू, १४ जून

चि. कर्स्टीस,
अनेक आशीर्वाद, या वेळी बिनशिव्यांचे.

ब्रिन घरी गेली ते तुला कळवलंच होतं. घर मोकळं झालंय. मी हे लिहिणार नाही म्हणाली होतीस, तर लिहिते: खूप मोकळं झालंय. रोज चहाच्या वेळी दोन कप काढते आणि एक परत ठेवते.

आता ट्रीनाच्या हाती काय दिलं, असं तू विचारलंस त्याचं उत्तर. कोर्टाच्या दिवशी बाहेर बाकावर बसलो असताना ट्रीनानं तिच्या लोरेनला, म्हणजे खात्याकडून येणाऱ्या त्या बाईला, सरळ तोच प्रश्न विचारला. वर हेही म्हणाली, माहीत नसेल तर नाही म्हणा, हॅलिफॅक्सला मोठमोठ्यांनाही माहीत नव्हतं. लोरेन गोंधळली. मग म्हणाली की सगळ्या खात्याचं वचन मी देऊ शकत नाही, आणि मुलीच्या जिवाला धोका असेल तर मला तिला न्यावंच लागेल. पण नुसता दिवस वाईट असेल आणि तू फोन केलास, तर मी गाडीतली लहान मुलांची सीट काढून ठेवून येईन, ती नसली तर मूल नेताच येत नाही.

परवा बुधवारी ट्रीनाला पुन्हा सकाळपासून उठवेना. भांडी पडलेली, कामावर गेली नाही. हे ती मला काल स्वतः सांगत होती. फोन हातात घेतला, ठेवला, असं किती वेळा झालं कोण जाणे. पण दुपारी केला. म्हणाली, आज मला जमत नाहीये.

लोरेनची गाडी दिसली तशी ब्रिन आत गेली. कोट चढवला, बूट घातले, दाताची डबी खिशात टाकली आणि दाराशी येऊन उभी राहिली. ते पाहून ट्रीनाला वाटलं, चुकलंच आपलं.

लोरेननं ब्रिनचा हात धरून तिला गाडीपाशी नेलं आणि मागचं दार उघडलं. मागे नुसती भाजीची पिशवी आणि छत्री. ब्रिननं वाकून पाहिलं, मग आत चढून पुढच्या सीटच्या मागेही पाहिलं. मग खाली उतरून घरात आली.

लोरेननं भांडी घासली, आठवड्यातून दोन सकाळी मदतीला बाई येईल अशी सोय केली, ट्रीनासाठी डॉक्टरांची वेळ घेतली आणि एकटीच निघून गेली. ब्रिन खिडकीत उभी होती. गाडी वळणापलीकडे गेल्यावर तिनं कोट काढला आणि खुंटीवर टांगला.

ट्रीनाच्या प्रश्नावर लोकांनी सावकाश का होईना, संशोधन करावं. घाई नाही म्हणणार नाही मी, पण इकडे सुरुवात झालीय.

बिस्किटं पाठवतेय, या वेळी डब्यात. जपून राहा, आणि मला लिहिणं सोडू नकोस.

तुझी,
मोरॅगमावशी