बारा खुंट्यांची खोली

१० जानेवारी १९८२, रविवार
लालबागची खोली घेतली. पागडी अकरा हजार. बाबांचा फंड संपला, वर आईच्या पाटल्या गेल्या. आई म्हणाली, माधवा, कॉलेज सोडलंस तेव्हा काही बोलले नाही, पण पाटल्या मला परत हव्यात हं. म्हटलं, दिवाळीला. अंबिकेच्या वडिलांनी, म्हणजे पोस्टातल्या नानांनी, मागे सुनावलं होतं की ज्याला स्वतःची खोली नाही त्याने आमच्या जिन्यात शिट्ट्या मारू नयेत. आता मारीन.

१३ जानेवारी
प्लॅन पक्का. एका खोलीत बारा गिरणी कामगार. चार कामावर, चार बाहेर, चार झोपलेले. माणशी पंचवीस. वर्षभर भाडं खायचं, मग कामगार बाहेर, अंबिका आत. प्रिन्सिपॉलच्या डोक्यात हे सात जन्मांत आलं नसतं. भिंतीत बारा खुंट्या ठोकल्या. रंग आकाशी. एकदा ती आकाशी रिबिनीकडे बघत होती.

१८ जानेवारी, सोमवार
गिरण्यांचा संप सुरू. आठ दिवसांत मिटेल.

१९ जानेवारी, सकाळी
बाराही जण एकदम घरात. संपाला पाळ्या नसतात, हे लक्षात आलं नव्हतं. शेजारची सुंदराबाई ओरडली, काय रे मेल्या, खोली भरलीस की धक्क्यावरची लाँच? मालकाने तोंडी लागू नये.

७ मार्च
भाडं शून्य. राजाराम, सगळ्यांत म्हातारा, म्हणाला, मालक, संप मिटला की पहिलं तुमचं. मालक म्हणाला! त्याला चहा पाजला.

२ मे
अकरा जण गावाला गेले. ट्रंका इथेच, कुलपं लावून. राजाराम राखणीला. दलाल खोलीचे नऊ हजार देत होता. हाकलला. संप पंधरा दिवसांत मिटणार, मग वीसच्या खाली बोलायचं नाही.

२० ऑगस्ट
दलाल सहावर आला. कॉलर धरली. चूक त्याचीच. आता तो फिरकत नाही.
भायखळ्याच्या भाजीबाजारात अंबिका भेटली. स्वतःहून विचारलं, खोली रिकामी झाली का रे? दिवस मोजतेय बिचारी.

१५ ऑक्टोबर
कठोर निर्णय. ट्रंका गॅलरीत काढल्या. राजारामलाही काढला. अंगात ताप होता त्याच्या, पण धंद्यात दयामाया नाही. पाया पडला नाही, रडला नाही. म्हणाला, पोरा, खुंटीवरची तेवढी पिशवी दे.
या वेळी ‘मालक’ म्हटलं नाही त्याने. हे लागलं.

५ नोव्हेंबर
नाना स्वतः घरी आले! खोली चार हजारांत मागितली. सासऱ्याशी घासाघीस शोभत नाही. दिली. भाडेपावती अंबिकेच्या नावावर करणार म्हणाले. आणखी काय स्पष्ट बोलायचं माणसाने? आई म्हणाली, चारात एक तरी पाटली येईल. म्हटलं, पाटली कसली घेऊन बसलीस, सून येतेय. सूट शिवायला टाकला, थ्री-पीस. दादरचा शिंपी.

१५ नोव्हेंबर, दिवाळी
आईने हातात काचेच्या बांगड्या भरल्या. हिरव्या. छान दिसतात, असं मी म्हटलं.

२८ नोव्हेंबर
नानांकडून पत्रिका आली. मुलगा बँकेत आहे. हे लग्न मोडणार. अंबिका ऐन वेळी बोलेल. मी समोर असायला हवं.

१२ डिसेंबर, रविवार
सूट घालून गेलो. अंबिका बोलली नाही.

१४ डिसेंबर
आज बोलली. गॅलरीतून हाक मारून वर बोलावलं. सूटमध्येच होतो. म्हणाली, माधवदादा, रंग किती छान लावलास, ह्यांना फार आवडला. पण ह्या खुंट्या कशाला रे एवढ्या? काढून देतोस?
कोट काढून खुंटीला अडकवला. पक्कड ह्यांनी दिली. अकरा निघाल्या.
बारावीला कोट होता.