मंगळवारची भरपाई

तोआ पायोह, सिंगापूर, ऑगस्ट २००४

चि. मिस लिम,

तुला मराठी येत नाही, म्हणूनच मनातलं लिहायला धीर होतोय.

काल तुझा फोन आला. आमची जुनी इमारत पाडली तेव्हा ज्या म्हाताऱ्या डॉक्टरांचे दवाखाने गेले, त्यांची सरकारी भरपाई मंजूर झाली म्हणालीस. मी "थँक यू" म्हणून फोन ठेवला. यांना अजून सांगितलेलं नाही.

पोरी, दवाखाना गेल्यावर हे दाढीसुद्धा न करता खिडकीत बसून असत. मग भरपाईचा तगादा सुरू झाला. तेव्हापासून दर मंगळवारी इस्त्रीचा शर्ट घालून तुझ्या ऑफिसात भांडायला येतात. घरी परततात ते खुशीत. "आज त्या लिमला चांगलं सुनावलं," म्हणतात, आणि बूट काढता काढता, "पोरीचा खोकला हटत नाही गं. पुढच्या खेपेला आल्याचा काढा देशील का थर्मासमध्ये?"

पैसे थांबव, असं मी म्हणणार नाही. बाकीचे डॉक्टरही डोळे लावून बसलेत, आणि हक्काचं ते हक्काचंच. पण लागू पडलेलं औषध एकदम तोडू नये, हे मला यांनीच शिकवलं.

येत्या मंगळवारी काढा घेऊन मीही येते. चेक हातात देताना तू नुसती एकदा खोकलीस तरी पुरे. पुढच्या मंगळवारचं मग हेच ठरवतील.

जिवाला जप, पण खोकला इतक्यात बरा करू नकोस.

तुझी,
डॉक्टरांच्या घरची इंदुमती आँटी